लाल ॲप्रन

मोठीच्या पोटात दुखायला लागलं ते त्या लाल ॲप्रनपासून. खरं सांगायचं तर धाकटी जन्मली तेव्हापासूनच थोडं थोडं दुखत होतं, पण घरातलं दुखणं घरात झाकून जातं. इथे ते चारचौघांत आलं होतं.

लहान मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून मोठीला चौदा वर्षं झाली होती. धाकटी तीन वर्षांपूर्वी आली, तीही मोठीने मेट्रनबाईंकडे शब्द टाकला म्हणून. सलाईन कशी लावायची, रडणाऱ्या पोराला बोलण्यात कसं गुंतवायचं, उलटी अंगावर झाली तरी हसायचं कसं, सगळं मोठीनेच शिकवलं. आणि आता ही बया मेट्रनबाईंना सांगते, की औषधं काढताना आपलं लक्ष फार उडतं! उपाय काय, तर लाल ॲप्रन. तो जिच्या अंगावर, तिच्याशी कुणी बोलायचं नाही. फोन नाही, हाक नाही, डॉक्टरांनीसुद्धा नाही. शिवाय हृदयाच्या औषधासारखं नाजूक काही असेल तर ते दुसरीने तपासायचं. तपासणारीने आधी आपल्या हिशोबाने मात्रा कागदावर लिहायची आणि मगच सिरिंजकडे बघायचं. मेट्रनबाई खूश झाल्या. औषधांच्या खोलीत खुंटी ठोकली आणि तिच्यावर ॲप्रन लटकला.

मोठीने तो एकदाही घातला नाही. "डगले घालून लक्ष लागत असतं, तर शाळेत मुलांना छड्या कशाला खाव्या लागल्या असत्या?" असं ती सगळ्यांना ऐकवायची. एका कानाला फोन, दुसऱ्या कानाने वॉर्ड आणि हातात सिरिंज, अशी तिची तऱ्हा होती. चौदा वर्षांत एक चूक नाही. पण न झालेल्या चुकीचं कौतुक कोण करतं?

त्या दिवशी वॉर्डच्या इन्चार्जचं नाव ठरायचं होतं. जुन्या इन्चार्जबाई निवृत्त होत होत्या आणि दुपारी मेट्रनबाई नवं नाव सांगणार होत्या. ती खुर्ची आपलीच, असं मोठी कालपर्यंत धरून चालली होती.

सकाळी दहाची औषधं काढायला दोघी बहिणी खोलीत होत्या. धाकटी लाल ॲप्रन घालून एका टेबलाशी, मोठी दुसऱ्या टेबलाशी. मेट्रनबाई नव्या डॉक्टरांना घेऊन दाराशी आल्या आणि कौतुकाने म्हणाल्या, "हिच्याकडे बघा. वॉर्ड डोक्यावर घेतला तरी हिची मान वर होत नाही."

मोठी दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिच्याकडे बघा असं कुणी म्हणालं नाही. मेट्रनबाई पुढे गेल्या आणि मोठीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मान वर होत नाही काय? कशी होत नाही तेच बघू.

तिने नुकतंच तीन नंबरच्या खाटेवरच्या मुलासाठी खोकल्याचं औषध काढलं होतं. आता चार नंबर. तिथे हृदयाला छिद्र असलेली, जेमतेम पाच किलोची पोर होती. वॉर्ड तिला चिमणी म्हणायचा. चिमणीच्या औषधात सिरिंज बुडवता बुडवता, धाकटीकडे तिरक्या नजरेने बघत मोठी हळूच म्हणाली, "आईचा फोन आला होता. छातीत दुखतंय म्हणाली."

धादांत खोटं. आई घरी ठणठणीत होती.

धाकटीचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला. मान काही वर झाली नाही. मोठी टक लावून बघत राहिली. आता होईल, आता होईल. एक सिरिंज झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. दगड आहे नुसती, मोठीला वाटलं, आणि आई जन्मभर हिलाच मायाळू म्हणत आली! तिने चिमणीच्या सिरिंजवर चार नंबरची चिठ्ठी चिकटवली.

धाकटीने शेवटची सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. ॲप्रन सोडला, खुंटीला लावला. मग ती वळली. चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई, आईजवळ कोण आहे? आणि तू अजून इथे काय करतेयस?"

मान अखेर वर झाली होती, मोठी जिंकली होती. पण त्या जिंकण्याची चव दोन श्वासही टिकली नाही. पुढचं खोटं अजून सुचलं नव्हतं, म्हणून ती म्हणाली, "सांगते. आधी हे तपासून दे."

धाकटीला आधी उत्तर हवं होतं. तरी तिने आधी कागद ओढला, चिमणीचं वजन बघितलं, बाटलीवरचं वाचलं, आकडा लिहिला. मग सिरिंज उजेडात धरली.

"ताई, अर्धा मिली हवं. हे पाच आहे."

"शक्यच नाही," मोठी म्हणाली आणि तिने बघितलं. पाचच होतं. खोकल्याच्या औषधासारखीच मोठी सिरिंज उचलून हाताने पाचच्या रेघेपर्यंत भरली होती, आणि डोळे बहिणीच्या मानेवर होते. दहापट. काचेपलीकडे चिमणी आईचं बोट चोखत पडली होती.

तिने औषध टाकून दिलं. मग बेसिनकडेच बघत म्हणाली, "आईला काही झालं नाही. फोन आलाच नव्हता."

"मग असं का बोललीस?"

"तुझी मान वर व्हावी म्हणून."

धाकटी आरडाओरडा करेल, असं मोठीला वाटलं. मेट्रनबाई दहा पावलांवर होत्या. एक हाक मारली की खुर्ची गेली, चौदा वर्षं गेली. धाकटीने हाक मारली नाही. खुंटीवरचा ॲप्रन काढून तिने बहिणीपुढे धरला.

"चिमणीचं औषध राहिलंय. मी आईला फोन लावते. तू आधी खोटं बोललीस की आत्ता, मला कळत नाहीये."

हे मोठीला थपडेपेक्षा जास्त लागलं. तिने ॲप्रन घातला. गाठ दोनदा सुटली. मागे धाकटी बोलत होती, "आई? बरी आहेस ना? नाही गं, सहज केला." फोन ठेवल्यावर ती हुंदका देऊन रडली. तेवढ्यात मेट्रनबाईंच्या चपला वाजल्या.

"काय गं, काय झालं? कुणी काही बोललं का?"

मोठीने छोटी सिरिंज उचलली होती. तिचा सगळा जीव कानांत गोळा झाला.

"बाई, ताई ना..." धाकटी बोलू लागली.

पुढचं मोठीने ऐकलं नाही. औषध अर्ध्याच्या रेघेला टेकलं का, तेवढंच ती बघत होती.