मुका खांब

‘मुका’ या शब्दावर त्याने पेन्सिलीची आडवी रेघ मारली, रेघेच्या टोकाला गाळण्याच्या खुणेचे शेपूट काढले आणि कागद नाकापासून हातभर लांब धरला. मग खालच्या ओळीतला ‘मुका’ खोडला. त्याच्या खालच्या ओळीतलाही.

“वाचताय ना?” बायकोने विचारले. ती पलंगावर उशीला टेकून बसली होती. डोळ्यांवर काळा चष्मा, मांडीवर लोकरीचा गुंडा, उजव्या हातात क्रोशाची सुई.

“जरा थांब. आधी साफ करतो.”

“कागद साफ करायचाय की टोपी विणायचीय?”

मुलीने लोकरीचे पाकीट पोस्टाने पाठवले होते आणि त्यातूनच टोपीच्या कृतीचा हा कागद आला होता. आईचे डोळ्यांचे ऑपरेशन झालेले, महिनाभर वाचायला बंदी; पण बाळ तर यायचेच होते आणि पहिली टोपी आजीच्या हातचीच हवी होती. “बाबा वाचतील, तू विण,” असे मुलीनेच सुचवले होते.

कागद गुळगुळीत होता, बोटाला चिकटणारा. वर टोपी घातलेल्या बाळाचे छायाचित्र. छापताना रंग सरकलेले, त्यामुळे ओठांचा लाल हनुवटीवर ओघळलेला. लोकरही तशीच. पोपटी म्हणावी तर पोपटी नाही, पिवळी म्हणावी तर पिवळी नाही; आजारी माणसाच्या उशाशी ठेवलेल्या भांड्यात दिसतो तो रंग. पण हे सगळे त्याने सोसले असते. भाषा सोसवत नव्हती.

‘हा टोपी बनविणे फारच सोपा आहे.’ पहिलेच वाक्य. घासात केस यावा तसे त्याला झाले. त्याने आवंढा गिळून पुढे वाचले होते. ‘जादूचा गोल करा आणि त्याचे आत सहा मुका खांब ठेवा.’ ‘पुढच्या घरात मुका घ्या.’ इथे त्याची मान तापली होती आणि त्याने उगाचच दाराकडे पाहिले होते. शेवटी तर ‘दोन कान बनवा आणि बाळाला शिवून टाका’. कोण लिहितं हे? यंत्र असेल. किंवा यंत्र झालेला कुणी माणूस.

तो पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितशोधक होता. तिथे त्याला सगळे काना-मात्रा म्हणत, समोरसुद्धा. रांगेत कुणी पुढे घुसले तर तो मागे सरकणारा माणूस. घरी आलेल्या विक्रेत्यालाही त्याला नाही म्हणता येत नसे. आपले मत खरे असेल, असे त्याला फारसे कधी वाटलेच नाही. फक्त छापलेली चूक दिसली की त्याचा कणा ताठ होई.

आणि ‘मुका खांब’ ही तर चूकसुद्धा नव्हती, निव्वळ घाण होती. खांब बोलका कधी असतो? विशेषण फुकटचे. गाळा.

“हं, घे,” तो खाकरून म्हणाला. “सुरुवातीच्या गोलात सहा खांब घालावेत.”

“खांब?”

“खांब.”

“बाळाच्या टोपीला खांब कसे? उंच टाका तो. भोकं पडतील, वारा जाईल आत.”

“छापलंय तसं वाचतोय.”

तिने खांदे उडवले. “तुम्ही म्हणताय म्हणजे असेलच. तुमच्या नजरेतून काही सुटलंय असं कधी झालंय?” आणि सुईला दोऱ्याचा वेढा घेऊन तिने पहिला खांब घातला. डोळ्यांची तिला गरज नव्हती. बोटे टाका चाचपत, सुई आत जाई, दोरा ओढून आणी. तो वाचत होता ते आता स्वच्छ, सुबक मराठी होते. ‘प्रत्येक घरात एक खांब घालावा, एकाआड एक घरात दोन घालावेत.’ ऐकताना त्याचे त्यालाच बरे वाटले.

टोपी मात्र टोपीसारखी होईना. ती पसरायच्या ऐवजी वर चढू लागली. मधले टोक निमुळते, खाली भोंगा. पलंगावर ठेवली की उभी राही.

वरच्या मजल्यावरच्या बाई औषधाचे थेंब घेऊन आल्या आणि दारातूनच हसल्या.

“अगंबाई, हे काय? तेल ओतायचं नरसाळं?”

“नातवंडाची टोपी आहे,” बायको म्हणाली.

“सर्कशीत पाठवताय वाटतं त्याला! जन्मू तर द्या आधी.”

बायकोही हसली. बाई गेल्यावर तिने दोऱ्याचे टोक शोधून सगळे उसवले. उसवलेली लोकर कुरळी होऊन चादरीवर साचली. जमिनीवर पडलेली तिची एक गुंतवळ त्याने उचलली, तर न्हाणीघराच्या जाळीत अडकलेले केस उचलल्यासारखे वाटले.

तिने पुन्हा सुरू केले. पुन्हा भोंगा झाला. तिने त्याला टाके मोजायला लावले. त्याने नखाने एकेक टाका पुढे सारत मोजले. संख्या बरोबर होती.

“मग ही उभी का राहते?”

“हा कागदच भिकार आहे.”

“कागदात तर चूक नाही ना? तुम्ही तपासलाय.” ती टोपीच्या टोकावर बोट फिरवत राहिली. “म्हणजे माझंच कुठेतरी चुकतंय. मला वाटतं मी एक करतेय, आणि हात दुसरंच करताहेत.”

ओलसर भिंतीपाशी उगवलेल्या कुत्र्याच्या छत्रीसारखी ती वस्तू चादरीवर उभी होती. त्याला ती बघवेना. तो उठला आणि खिडकी लावली, मग पुन्हा उघडली.

दुपारी तो स्वयंपाकघरात दूध गाळत असताना बायको मुलीशी फोनवर बोलत होती. आवाज लहान केलेला होता, पण घरही लहानच होते.

“नाही गं, बाळा, विकतची आण. चांगली मिळते... अगं, डोळ्यांचं नाही. डोळे बरे आहेत. तुझ्या मावशीचं आठवतं ना?... हो, तेच. तिचंही विणण्यातूनच सुरू झालं होतं.”

मावशी म्हणजे बायकोची थोरली बहीण. तिने एका हिवाळ्यात स्वेटरला तीन बाह्या विणल्या होत्या. सगळे पोट धरून हसले होते, तीही हसली होती. पुढच्या हिवाळ्यात तिला स्वतःच्या घराचे दार ओळखू येईनासे झाले.

गाळणीतली साय बोटांनी काढताना त्याला शिसारी आली. बोटे झटकली तरी ती सुटेना.

तो खोलीत आला तेव्हा फोन बाजूला होता.

“सोमवारी ताईच्या डॉक्टरांकडे जाऊ या,” ती म्हणाली. “उगाच लपवण्यात अर्थ नाही. आणि ही लोकर, सुई, सगळं पिशवीत भरून वरच्या बाईंना देऊन या. त्यांच्या भाचीला येतं क्रोशे.”

“अगं, एका टोपीवरून...”

“ताईचंही एका बाहीवरूनच झालं होतं.” ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

त्याने पिशवी घेतली. गुंडा टाकला, सुई टाकली. कागदाची घडी घालताना तो उलटा झाला. मागच्या बाजूला रेघांची चित्रे होती. ती त्याने आधीही पाहिली होती, म्हणजे त्यांच्यावरून नजर फिरवली होती. छापखान्यात चित्रांना वेगळा माणूस असे. काना-मात्राने अक्षरांपुरते पाहायचे. आता, घडी नीट बसेना म्हणून, त्याने पाहिले.

एक उंच टाका. खाली लिहिले होते, खांब. त्याच्या शेजारी त्याच्या निम्म्याहून कमी उंचीचा, बसका, जाडसर टाका. खाली लिहिले होते, मुका खांब. आणि बारीक अक्षरांत, ‘मुका खांब मध्ये आधी दोरा नाही गुंडाळणे, तो बुटका राहील.’

वाक्य घाणेरडे होते. चूक एकही नव्हती.

त्याने कागद सुलटा केला. एकेका ओळीत त्याची रेघ होती, सरळ, नेटकी, टोकाला शेपूट. कुठेही हात थरथरला नव्हता. सायीची ती शिसारी पुन्हा आली. त्याने ती कागदावर ढकलून पाहिली, त्या लोकरीवर, त्या बाळाच्या ओघळलेल्या ओठांवर. कुठेच ती ठरेना. शेवटी तो न्हाणीघरात गेला आणि साबणाने हात धुतले. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पेन्सिलीचा काळा डाग होता. तो निघाला नाही. तो नेहमीच असे.

परत येऊन तो पलंगाच्या कडेला बसला. कागद मांडीवर.

“अगं.”

“देऊन आलात?”

“नाही. कागदातच घोळ होता.”

ती वळली. काळ्या चष्म्यात खिडकीचा चौकोन दिसत होता. “कसला?”

“टाका वेगळा होता. मुका खांब.”

“मुका?” ती उठून बसली. “मुका खांब म्हणजे बुटका टाका! आई बाळंतविड्याचं सगळं त्यानेच विणायची. घट्ट बसतो तो. मग बरोबर. म्हणून ती चढत होती वर. उंच टाके घातल्यावर चढणारच ना.” तिचा हात चादरीवर लोकर शोधू लागला आणि मध्येच थांबला. “पण कागद तर तुम्ही तपासला होतात.”

नळ ठिबकत होता. छपाई पुसट होती म्हणता आले असते. नजर कमी झाली म्हणता आले असते. या वयात कुणीही मानले असते. तिने तर आनंदाने मानले असते.

“हो,” तो म्हणाला. “म्हणूनच.”

तिचा हात त्याच्या मांडीवरच्या कागदापर्यंत आला. पेन्सिल दाबून लिहायची त्याची जुनी सवय. गुळगुळीत कागदात रेघा खोल उमटल्या होत्या. तिचा अंगठा एका रेघेवर थांबला, पुढे सरकला, पुन्हा थांबला. असा तो कागदाच्या तळापर्यंत गेला.

“इतक्या ठिकाणी?”

“हो.”

“का पण?”

“खांब मुकाच असतो, म्हणून.”

एरवी ती हसली असती.

“मी विचारलं होतं तुम्हाला. खांब कसे म्हणून.”

“विचारलं होतंस.”

“काय म्हणालात?”

त्याने ओठांवरून जीभ फिरवली. “छापलंय तसं वाचतोय.”

“मी इथे आडवी पडून ताईच्या आजाराची पहिल्यापासून उजळणी करत होते,” ती हळू म्हणाली. “तिला कधी काय व्हायला लागलं, मग मला कधी होईल. आणि तुम्ही बाजूला बसून व्याकरण बघत होतात.”

तो कागदाच्या कडेकडे पाहत राहिला. माफी मागायचे वाक्य त्याने मनात जुळवले, त्यातला एक शब्द बदलला, मग सगळेच वाक्य सोडून दिले.

तिने हात पुढे केला. “पेन्सिल.”

त्याने कानामागची पेन्सिल काढून दिली. तिने पिशवीतून गुंडा काढला आणि पेन्सिल त्या गुंड्याच्या पोटात आरपार खुपसली.

“आता वाचा. आहे तसं. एक अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही.”

“‘हा टोपी बनविणे...’” त्याने श्वास घेतला. “‘फारच सोपा आहे.’”

“पुढे.”

“‘जादूचा गोल करा.’”

“हेही खाल्लं होतंत? ओढला की मधलं भोक मिटतं, तो गोल. पुढे.”

गढूळ पाण्याने चूळ भरावी तसा तो एकेक वाक्य तोंडात घोळवून बाहेर टाकत होता. ‘त्याचे आत’. कागद उलटवून ‘नाही गुंडाळणे’. जिथे चूक होती तिथे जीभ आपोआप वळू पाही आणि तो ती जोर लावून सरळ करी. मग ती ओळ आली. त्याचा आवाज खाली गेला.

“ऐकू आलं नाही,” ती म्हणाली.

“‘पुढच्या घरात मुका घ्या.’”

जिन्यातून वर चाललेल्या चपला थांबल्या.

“घेतला,” ती म्हणाली. चेहरा दगडासारखा. “पुढे?”

“‘त्याच्या पुढच्या घरात पण घ्या.’”

चपला घाईने वर गेल्या. तिने सुई ओढली. टाके आता बुटके, दाट पडत होते. फेऱ्या वाढल्या तशी लोकर तिच्या तळहातावर सपाट पसरली आणि बऱ्याच वेळाने, काठाशी, हळूच वाकली. तिने ती गुडघ्यावर चढवली. बसली. तिने ती काढली नाही, वरून दोन्ही हात तसेच ठेवले.

“सोमवारचं...” तो म्हणाला.

“मी बघते सोमवारचं. तुम्ही वाचा.”

मुलीला उलट कळवायला तिचा हात अजून फोनकडे गेला नव्हता. पण खांदे खाली आले होते. त्याने कागद जवळ घेतला. आता एकच परिच्छेद उरला होता. त्यावर नजर जाताच तो थबकला.

“थांबलात का?”

“पुढचं वाचवत नाही.”

“आहे तसं म्हटलंय ना?”

त्याने डोळे मिटले. पाठ झालेच होते.

“‘दोन कान बनवा आणि बाळाला शिवून टाका.’”

सुई थांबली. तिच्या गालावर काहीतरी हलले आणि तिने ते आत दाबले. मग तिने गुंडा चाचपला, त्यातली पेन्सिल उपसली, अंदाजाने त्याचा हात शोधला आणि ती त्याच्या बोटांत ठेवली.

“एवढं मात्र दुरुस्त करा,” ती म्हणाली.