रिकामा काटा

बार्शीटाकळीच्या बंद पडलेल्या जिनिंगमध्ये शनिवारी पाय ठेवायला जागा नसायची. छताच्या लोखंडी कैच्यांना अजून जुन्या कापसाचे पुंजके लटकत होते. त्यांच्या खाली, जिथे एकेकाळी सरकी आणि रुईचे ढीग लागत, तिथे आता पोटं सुटलेले दुकानदार, गुडघे धरून बसलेल्या बाया आणि धापा टाकणारा एक निवृत्त फौजदार दाटीवाटीनं बसलेले असायचे. समोर व्यासपीठावर पोती मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा आणि काट्यामागे गादीवर तुलाबाबा.

"माणूस खात नाही, बेटा," तुलाबाबा माईकशी गुजगोष्ट केल्यासारखे बोलत. "माणसाच्या पोटात भूकमाय बसली आहे, ती खाते. डॉक्टर तुमाले उपाशी मारतो. मी तिले बांधतो. एकदा ती बांधली, की तुमी लाडू खा नाहीतर लोखंड खा, अंगाले लागत नाही."

आरती पहिल्यांदा आली तेव्हा हे ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती जवळच्याच गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला गणित शिकवायची. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की साखर काठावर आली आहे, वजन उतरवा, नाहीतर आईच्या वाटेनं जाल. त्या दिवसापासून तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती. सकाळी निश्चय, चार वाजता घरी आलं की चहा उकळेपर्यंत चिवड्याचा डबा उघडा. एक मूठ, मग अजून एक, उभ्याउभ्याच, कोणी येतं का म्हणून दाराकडे पाहत. मग स्वतःचाच राग, रागानं दुसऱ्या दिवशी उपास, आणि उपासाला तुपातली साबुदाण्याची उसळ दोनदा. अशा बाईला कोणी सांगितलं की खाणारी तू नाहीसच, तर ती काय करील?

विधी सुटसुटीत होता. पहिल्या दिवशी आल्याबरोबर दारात साधं वजन. मनगटाला काळा धागा. मग भजन. मग काट्याची पूजा. कुलदीप नावाचा सेवक काट्याचा आकड्यांचा डबा लाल फडक्यानं झाकायचा, पितळी ताट काट्यावर ठेवायचा, फडक्याखाली हात घालून 'काट्याला नमस्कार' करायचा. भक्तानं ताटाशेजारी चढायचं. मग कुलदीप तेच ताट उचलून भक्ताला ओवाळायचा आणि फडकं काढायचा. लोक माना उंच करून पाहायचे. पहिल्या खेपेला प्रत्येकाचे तीन किलो कमी.

"साऱ्याईचे तीनच काहून?" मागून जानराव नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं एकदा विचारलं होतं.

"देवाच्या दारी लहानमोठा नसतो, बाबा," तुलाबाबा हसले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नियम दोनच. सुई-गोळी बंद, कारण त्यानं भूकमाय बाटते. आणि दुसऱ्या कोणत्याही काट्यावर चढायचं नाही, कारण गाठ सुटते.

आरतीचं वजन चौऱ्याऐंशी होतं. पहिल्या खेपेला एक्याऐंशी झालं, दुसऱ्या खेपेला अठ्ठ्याहत्तर. दुसऱ्या खेपेला ताटात एक जड समई वाढली होती, पण समईकडे कोण पाहतं. आरती घरी गेली आणि कितीतरी दिवसांनी चिवड्याचा डबा घेऊन चक्क खुर्चीवर बसली. खाणारी आता ती नव्हती. ब्लाउजचे हूक पूर्वीपेक्षा जास्त कुरकुरू लागले होते, पण त्याचा दोष तिनं धुलाईला दिला. मात्र जीव शांत झाला नव्हता. खाताना मध्येच हात थांबायचा, कोणीतरी हाक मारल्यासारखा, आणि ती घाईघाईनं पुढची मूठ भरायची.

त्याच आनंदात तिनं हिवरखेडला आईला, पार्बताबाईंना, फोन करून येत्या शनिवारी बंधनाला बोलावलं होतं. त्यांना रोज इन्सुलिन घ्यावं लागायचं, आणि टोचून टोचून त्या वैतागल्या होत्या.

* * *

त्या शनिवारी शाळा सकाळची होती. सहावीच्या वर्गात ऋण संख्यांचा धडा होता, आणि तो काही केल्या पुढे सरकत नव्हता.

"मॅडम, शून्याच्या खाली काही असतेच कोठी?" दीक्षा म्हणाली. ती पहिल्या बाकावर बसायची आणि पटल्याशिवाय वहीत काही उतरवायची नाही.

"थंड प्रदेशात तापमान शून्याच्या खाली जातं."

"आपल्या अकोल्यात तर चाळीसच्या खाली जात नाही."

वर्ग हसला. आरतीही हसली. खिडकीतून समोरच्या खोलीत, शाळेची खिचडी शिजवणाऱ्या गोदाबाई पोती मोजायच्या मोठ्या काट्यावर तांदूळ मोजताना दिसत होत्या. काटा आहे, आकडे आहेत, निदान बेरीज-वजाबाकी तरी डोळ्यांना दिसेल, म्हणून तिनं सगळा वर्ग तिकडे नेला.

गोदाबाईंनी रिकामं पातेलं काट्यावर ठेवलं. तीन किलो. त्यांनी बटण दाबलं. शून्य.

"हे काहून केलं, मावशी?" दीक्षानं विचारलं.

"पातेल्याचं वजन काटलं. मले तांदूळ मोजायचे आहेत, पातेलं नाही."

तेवढ्यात कुकरची शिटी झाली आणि गोदाबाई पातेलं तसंच उचलून ओट्याकडे धावल्या. दीक्षा वाकून पाहत होती.

"मॅडम, हे पाहा. तीन आहे, पण समोर आडवी रेघ आहे. काट्यावर काहीच नाही, तरी तीन कमी दाखवून राहिला. हेच का ऋण?"

"हेच," आरती म्हणाली. आणि तिला जिनिंगमधलं पितळी ताट आठवलं.

तिनं पातेलं परत आणलं. काट्यावर ठेवलं, बटण दाबलं, शून्य केलं. चप्पल काढून स्वतः पातेल्याशेजारी चढली. "दीक्षा, पातेलं उचल."

आकडा आला, त्र्याऐंशी. मग ती उतरली, रिकामा काटा शून्यावर आणला आणि पुन्हा चढली. शहाऐंशी.

"मॅडमचं वजन एका मिनिटात तीन किलो कमी झालं होतं," मागून कोणी म्हणालं, आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. तशाच टाळ्या तिनं जिनिंगमध्ये ऐकल्या होत्या.

सहा किलो उतरले नव्हतेच. वर दोन चढले होते. पण त्याची लाज वाटायलाही तिला सवड मिळाली नाही, कारण मनात एकदम आई उभी राहिली. तिनं व्हरांड्यात येऊन फोन लावला.

"माय, सुई घेतली का?"

"परवापासून नाही घेतली. तूच तं म्हटलं, बंधनाच्या आधी सुई नको. मी निघाली आहे, अकोटच्या पुढं आलो आता. गाडीत लय तहान लागून राहिली, बाई. बाटली संपली."

"माय, तो बाबा खोटा आहे. अकोल्याला उतर आणि दवाखान्यात जा."

एसटीच्या खडखडाटात आई म्हणाली, "परवा तू म्हणे खरा आहे, आज म्हणते खोटा आहे. मी कोन्या आरतीचं आयकू? जे आहे ते मी माह्या डोळ्यानं पाहीन." आणि फोन बंद झाला.

* * *

आरती जिनिंगमध्ये पोचली तेव्हा भजन संपत आलं होतं. आई पहिल्या रांगेत बसली होती. ओठ कोरडे, डोळे खोल गेलेले, पदरानं वारा घेत होती. आरती तिच्याकडे सरकणार तोच तुलाबाबांनी तिला पाहिलं.

"या, आरतीताई. ही बाई शिक्षिका आहे, अडाणी नाही. सहा किलो उतरली. सांगा ताई, लोकांले सांगा."

लोकांनी वाट करून दिली. ती व्यासपीठावर चढली. बोललं तर सगळ्या तालुक्यात कळणार की मास्तरीण फसली, वर चारचौघांत वजनाचा आकडा. न बोललं तर पुढची पाळी आईची, आणि तिची सुई कायमची बंद. कुलदीपनं आकड्यांवर फडकं टाकलं, ताट ठेवलं. आज ताटात समईबरोबर पाण्यानं भरलेला कलशही होता. फडक्याखाली त्याचा हात गेला आणि बाहेर आला.

"चढा, ताई."

"आधी ताट उचला."

"विधी तसा नाही. आधी तुमी चढा, मंग मी ओवाळतो."

आरतीनं माईक घेतला. "इथं बसलेल्यांपैकी कोणी कापूस विकला आहे का?"

अर्ध्या शेडनं हात वर केले.

"गाडी लावली की व्यापाऱ्याला पहिलं काय म्हणता?"

"रिकामा काटा दाखव म्हणतो," मागून जानराव म्हणाले. "काट्यावर चिटपाखरू नको. पहिले शून्य दिसलं पाहिजे, मंग माल."

"मग आज इथं का नाही म्हटलं?"

शेडमध्ये चुळबुळ झाली. जानराव उभे राहिले. "बरोबर आहे. ए कुलदीप, रिकामा काटा दाखव बाप्पा."

"देवाच्या काट्यावर संशय?" तुलाबाबांचा आवाज चढला.

"देवावर नाही जी," जानराव म्हणाले. "काट्यावर. काटा तं पोत्याचाच आहे."

कुलदीप हलला नाही. आरतीनं फडकं ओढलं. काट्यावर ताट होतं, समई होती, कलश होता, आणि आकडा होता शून्य. "एवढं पितळ आहे आणि काटा म्हणतो काही नाही," ती म्हणाली. मग तिनं दोन्ही हातांनी ताट उचललं. ते इतकं जड होतं की ती वाकली. कुलदीपचे दंड पैलवानी होते ते उगाच नव्हते. रिकाम्या काट्यावर आडवी रेघ आणि पुढे नऊ.

"हे भक्तांचं पाप आहे," तुलाबाबा म्हणाले. "इथं उतरलेलं पाप काटा दाखवतो."

"मंग माह्या कापसात दर साली इतकं पाप निघते हे मले आजच समजलं," जानराव म्हणाले, आणि शेडभर हशा पिकला. त्या हशात बाबांचा पुढचा शब्द कोणाला ऐकू आला नाही.

आरतीनं वर्गात सांगावं तसं सांगितलं. ताट ठेवून शून्य करायचं, माणूस चढल्यावर ताट काढायचं, की ताटाचं वजन माणसातून वजा. पहिल्या खेपेला ताट, दुसऱ्या खेपेला समई, तिसऱ्या खेपेला कलश. मग तिनं बटण दाबून रिकामा काटा शून्यावर आणला, सगळ्यांना दाखवला आणि चढली.

"शहाऐंशी," ती स्वतःच म्हणाली. "आली तेव्हा चौऱ्याऐंशी होती. वाढलेलं मी खाल्लं आहे. भूकमायनं नाही, मी."

ती काट्यावरून उतरली, तशा पहिल्या रांगेतून पार्बताबाई उठल्या. त्या काट्याजवळ आल्या, रिकाम्या काट्यावर हात दाबून पाहिला, हात काढला, आकडा शून्यावर आलेला पाहिला. पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेला डबा काढून त्यांनी लेकीच्या हातात दिला. "सुई मी फेकली नव्हती. फेकाले हात होत नव्हता. चाल, दवाखाना कोठी आहे?"

बाहेर पडताना मागे कोणीतरी मनगटाचे धागे तोडत होतं, तर दोघी-तिघी अजून तुलाबाबांच्या पायाशी बसल्या होत्या. असं असतंच.

दवाखान्यात पार्बताबाईंची साखर फार वर गेलेली निघाली. डॉक्टर म्हणाल्या की अजून एखादा दिवस गेला असता तर बेशुद्धीतच आणावं लागलं असतं. सलाइन लावून त्यांनी आरतीलाही समोर बसवलं. आरतीनं चिवड्याचं सगळं सांगितलं, दाराकडे पाहत खाल्लेल्या मुठींसकट. डॉक्टर हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, दिवसभर उपाशी राहिलं की संध्याकाळी कोणाचाही हात डब्यात जाईल. दुपारी भाकर पोटभर खात जा, डब्यातून खाऊ नका, वाटीत घ्या, आणि चुकलं तर दुसऱ्या दिवशी उपास करू नका. हळूहळू उतरेल. कधी उतरणारही नाही, तेव्हा परत या.

यात चमत्कार कुठेच नव्हता, म्हणून तर ते खरं होतं. भूक ही शरीराची आहे, पोटात बसलेली कोणी बाई नाही. तिला धाग्यानं बांधतो म्हणणारा माणूस भेटला तर त्याला एवढंच विचारायचं, जे आपण कापसाच्या व्यापाऱ्याला विचारतो: बाबा, आधी रिकामा काटा दाखव. आणि चालू असलेलं औषध त्याच्या शब्दावर एक दिवसही सोडायचं नाही.

पार्बताबाई बऱ्या होऊन हिवरखेडला परतल्या. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"सुई घेतली मी. आता तू सांग, आज काय खाल्लं? खरं सांग."

आरतीच्या समोर रिकामी वाटी होती. डब्याचं झाकण लागलेलं होतं, पण तिची नजर अजून तिकडेच जात होती.

"एक वाटी चिवडा," ती म्हणाली. मग वाटी बाजूला सारत म्हणाली, "आणि अजून अर्धी."

"बरं," आई म्हणाली. "खरं सांगतलं."