निनावी पेटीतला पहिला फोटो

हॉस्पिटलात त्याला सगळे चित्रगुप्त म्हणत. तळमजल्यावरच्या थंडगार खोलीत त्याचे सर्व्हर, आणि त्या सर्व्हरांत सगळ्यांची नोंद: कोण किती वाजता आलं, कुठल्या कॉम्प्युटरवर बसलं, कामाच्या वेळात कोणती मालिका पाहिली. एकतीस वर्षांत त्याने एक ओळही पुसली नव्हती. पापपुण्याचा निवाडा मात्र तो करत नसे. ते खातं वरच्या मजल्यावर होतं.

अतिदक्षता विभागात सात नंबरच्या खाटेवरचा पेशंट दुपारी दगावला आणि मॉनिटर वाजलाच नाही, असं नातेवाईक म्हणू लागले. चौकशी समिती बसली. समिती एकदा बसली की उठायला वेळ लागतो, म्हणून तिने आधी चित्रगुप्ताला कामाला लावलं. वेबसाइटवर एक पान करा. कुणीही नाव न सांगता त्यावर फोटो, कागद, जे असेल ते टाकावं.

सगळ्या स्टाफसमोर मेट्रनबाईंनी विचारलं, "नाव कळणार नाही ना हो कुणाचं?"

"नाही कळणार. मलासुद्धा नाही."

त्याने आजवर कुणाला शब्द दिला नव्हता, फक्त प्रिंटआउट दिले होते. म्हणूनच लोकांनी विश्वास ठेवला.

ही निनावी पेटी त्याने मन लावून बांधली. फाइल आत टाकता यावी, पण बाहेरून कुणाला उघडता येऊ नये. तिचं मूळ नाव जाऊन नुसते आकडे उरावेत. फोटोत फोनच्या खुणा दडलेल्या असतात, त्या आपोआप पुसल्या जाव्यात. वीस एमबीच्या वर काही घेऊ नये, नाहीतर कुणीतरी नातवाच्या बारशाचा व्हिडिओ टाकायचं. शेवटी सर्व्हरची नोंद बंद करायची ओळ आली. जन्मभर दारूला न शिवलेल्याने पहिला पेला उचलावा, तशी त्याने ती लिहिली.

तिसऱ्या दिवशी पहिला फोटो आला. सात नंबरचा मॉनिटर, आणि त्याच्या भोंग्याच्या जाळीवर दोन पदरी चिकटपट्टी.

फोटो समितीकडे गेला. पेटी नीट चालली का, हे बघायला तो सवयीने पुढच्या सर्व्हरवर गेला. येणारी प्रत्येक गोष्ट आधी या पुढच्या सर्व्हरवर येते आणि मग आतल्याकडे जाते. आतल्याची नोंद त्याने बंद केली होती. पुढचा आपला इमानाने लिहीतच होता. घरातल्यांचे डोळे बांधले आणि फाटकावरचा वॉचमन राहूनच गेला!

ओळ समोर होती. वेळ, फाइलचा आकार, आणि हॉस्पिटलच्या वाय-फायवर प्रत्येक फोनला त्यानेच नेमून दिलेला क्रमांक. कुठला क्रमांक कुणाचा, याची यादी कपाटात होती. ती काढायची त्याला गरज नव्हती. ती त्याला तोंडपाठ होती.

त्याने ओळ पुसली. पुढच्या सर्व्हरचीही नोंद बंद केली.

जेवताना बायको म्हणाली, "भाजीत मीठ नाहीये. तुम्ही बोलला नाहीत, म्हणजे काहीतरी बिनसलंय."

त्याने सांगितलं.

"पुसलंत ना? मग संपलं की."

"मशीनमधलं संपलं. क्रमांक मला पाठ आहेत."

"कौतुकच आहे हो! माझा वाढदिवस अजून पाठ होतोय." तिने मिठाची बरणी त्याच्यापुढे सरकवली. "कुणी विचारलं तर माहीत नाही म्हणून सांगून टाका."

"खोटं?"

"ते काही जमायचं नाही तुम्हाला, कान लाल होतात. मग गप्प राहा. माझ्याशी तेवढं छान जमतं."

दुसऱ्या दिवशी अतिदक्षता विभागाच्या प्रमुखांनी, म्हणजे साहेबांनी, बोलावून घेतलं. भोंग्याने डोकं उठतं ही तक्रार साहेबांचीच असे.

"फोटो कुणी टाकला?"

"पेटी निनावी आहे, साहेब."

"तुमच्याकडे नोंद नाही असं कधी झालंय?"

"नोंद होती. मी पुसली."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे आधी वाचलीत."

"हो."

"मग नाव सांगा."

"नाही सांगणार."

"आठवत नाही म्हणा, मी समजून घेईन."

"आठवतं, साहेब. सांगणार नाही."

"नोंदी नष्ट केल्या, एवढं एकच कारण पुरेल मला तुम्हाला घरी बसवायला."

"कारण खरं आहे," चित्रगुप्त म्हणाला. "फक्त लेखी द्या."

संध्याकाळच्या आत लेखी मिळालं. एरवी त्या ऑफिसातून साधा रजेचा कागद यायला आठवडा लागे. वरच्या ऑफिसात किल्ल्या सोपवून तो बाहेर पडला, तेव्हा जिन्यापाशी अतिदक्षता विभागातल्या तिघीजणी ड्युटी संपवून उभ्या होत्या. बातमी त्याच्याआधी तिथे पोचली होती.

"काका, खरंच काढलं तुम्हाला?" एक म्हणाली. "टाकला तरी कुणी होता तो फोटो?"

"गप गं," दुसरी म्हणाली. तिसरी पर्समध्ये काहीतरी शोधत होती.

फोटो टाकणारी त्या तिघींपैकीच एक होती.

"पेटीत चूक राहिली होती. माझी," तो म्हणाला. "आता दुरुस्त केलीय. कुणाला आणखी काही टाकायचं असेल तर खुशाल टाका."

बोलताना त्याने तिघींकडे पाहिलं. प्रत्येकीकडे मोजून सारखाच वेळ. मग जिना उतरू लागला.