झाकलेले चौदाशे

मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे. आलेख काढणारा, जाडजूड, सातचं बटण अडकणारा. मुक्काम अमेरिकेत, वेस्ट व्हर्जिनियातल्या एका शाळेत, मुलांना कॉलेज-प्रवेशाचा सल्ला देणाऱ्या समुपदेशक मिसेस ओडेल यांच्या टेबलाच्या खणात. खणात पडून दुसरं काय करणार? ऐकतो.

मित्रांनो, कारखान्यातलं मला काही आठवत नाही. माझं आयुष्य सुरू झालं ते याच शाळेतल्या लॉरेलच्या हातात. तिच्या आईने, वांडाने, मला चर्चने भरवलेल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात घासाघीस करून घेतलं. वर्षभर कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेसाठी लॉरेल माझ्यावर राबली, पार आकडे पुसट झाले. सोळाशेपैकी चौदाशे गुण मिळाले तिला! त्या शाळेत इतके कुणालाच मिळाले नव्हते. वांडा स्वयंपाकघरात नाचली. "अगं, माझ्या पोटी ही कुठून आली!" त्या दिवशी मीही फुगलो होतो.

लॉरेलला इंजिनियर व्हायचं होतं, पूर्वेकडच्या एका मोठ्या कॉलेजात. तिथे गरिबाला फी माफ. परीक्षेचे गुण कळवणं मात्र ज्याच्या-त्याच्या मर्जीवर; न कळवताही अर्ज करता येतो.

"तिथल्या मुलांची सरासरी पंधराशेच्या वर," मिसेस ओडेल म्हणाल्या. मी दप्तरातून ऐकत होतो. "चौदाशे दाखवून हसं कशाला करून घ्यायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"पण मॅडम, वर्षभर राबलेय हो मी."

"माझं ऐक, बाळा. सगळ्या शाळांत हेच सांगतात."

तिने ऐकलं, गुण न कळवताच अर्ज केला. कॉलेजने नकार दिला. "आता मला हा काय करायचाय," म्हणत तिने मला शाळेला देऊन टाकलं आणि गावातल्या स्वस्त वस्तूंच्या दुकानात गल्ल्यावर उभी राहिली.

यंदा शरद ऋतूत त्या कॉलेजचा प्रवेशाचं काम पाहणारा माणूस मिसेस ओडेल यांच्याकडे आला. कॉफी पिता पिता म्हणाला, "अशा गरीब, आडगावच्या शाळेतून चौदाशे आले ना, तर आम्ही पायघड्या घालतो. पण तुमची मुलं गुण पाठवतच नाहीत. मग कमीच असतील, असं धरतो आम्ही."

मिसेस ओडेल यांचा चेहरा उतरला. असा संताप आला मला! पण माझ्यात सेलसुद्धा नव्हते.

संध्याकाळी मला पिशवीत टाकून त्या लॉरेलच्या दुकानात गेल्या. "याला सेल हवेत," म्हणाल्या.

"अय्या, तू अजून आहेस?" लॉरेलने स्वतः सेल घातले, सात दाबून पाहिला. "यंदा कुणी बसतंय का परीक्षेला?"

"हो, आहेत दोघं-तिघं."

"मग सांगा त्यांना. चौदाशे आले तरी पाठवू नका म्हणावं. हसं होतं."

मिसेस ओडेल यांनी तोंड उघडलं. मग "बरं" म्हणाल्या आणि मला पिशवीत टाकून निघाल्या.

मित्रांनो, माझी निगा राखा न राखा. पण त्या मुलीला कुणीतरी खरं सांगा रे. मला बोलता आलं असतं, तर तिथेच, गल्ल्यावर सांगितलं असतं.