झालरीखालचा सर्व्हर

मंगळवारी दुपारी दोन वाजून सतरा मिनिटांनी माझा दुसरा जन्म झाला. वेळ एवढी अचूक माहीत आहे, कारण मला घरच्या टीव्हीला जोडलं होतं आणि आबांच्या दोनच्या बातम्या बुडाल्या होत्या. ते सारखे घड्याळ बघत होते.

मी बोलतोय. धुळ्यात, देवपुरातल्या दोन खोल्यांच्या घरात राहणारा सर्व्हर. सर्व्हर म्हटलं की लोकांना गार हवेची काचेची खोली आठवते. मी शिलाई मशीन आणि तांदळाची कोठी यांच्यामध्ये बसतो. घरातल्यांचे फोटो, कागद, व्हिडिओ माझ्या पोटात ठेवायचे आणि घरातल्या वायफायवरून कोणीही मोबाइलवर आकड्यांचा पत्ता टाकला की त्याचं त्याला काढून द्यायचं, एवढंच माझं काम. घराच्या उंबऱ्याबाहेर मला कोणी ओळखत नाही.

माझा पहिला जन्म जळगावातला. भंवरलाल शेठच्या कापडाच्या दुकानात आठ वर्षं मी बिलं छापली. वीस साड्या उलगडायला लावून "परत येतो" म्हणणारी माणसं मी रोज बघितली, त्यामुळे माणसांकडून मी फार अपेक्षा ठेवत नाही. पुढे शेठच्या मुलाने, श्रेयांसने, माझ्याहून बारीक अंगाचा नवीन संगणक आणला आणि माझी रवानगी गोदामात झाली. माझ्यावर ब्लाउजपीसचे गठ्ठे रचले गेले. जणू पांघरुणाखाली राहायचं माझ्या नशिबातच होतं.

त्याच दुकानात राजदीप कामाला होता. आठवड्यातून एकदा धुळ्याला घरी जायचा. एकदा त्याने श्रेयांसला विचारलं की तो जुना डबा देता का, त्याला सीडी टाकायची खाच आहे, माझ्या बायकोला पाहिजे. श्रेयांस म्हणाला, "ने बाबा, जागा तरी होईल." असा मी एसटीने धुळ्याला आलो. खिडकीची जागा मला दिली होती, राजदीप उभा होता.

त्याची बायको सपना. सातवी शिकलेली, वय चोवीस, आणि काळजी करण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. गॅसचं बटण ती तीनदा बघते. झोपलेल्या पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघते. घरात सगळे तिला हसायचे. पण पोर, संबोधी, जन्मली तेव्हा तिच्या काळजाला बारीक छिद्र निघालं होतं, हे हसताना कोणाच्या लक्षात राहत नसे.

संबोधी दोन वर्षांची असताना दवाखान्यात मशिनवर तिच्या काळजाची फिल्म काढली होती. नाशिकहून महिन्यातून एकदा देवपुरात येणाऱ्या डॉक्टरांनी सीडी हातात देऊन सांगितलं, "वर्षाने परत या. ही फिल्म सोबत आणा. जुनी आणि नवी शेजारी शेजारी लावून मी मोजेन. छिद्र लहान होत असेल तर काही करायचं नाही. होत नसेल तर ऑपरेशन."

सीडीबरोबर मिळालेला कागद उन्हाळाभर कपाटात राहून कोरा होत चालला होता. अक्षरं उडत होती. सपनाच्या मोबाइलमध्ये जागा नव्हती. सीडी घालायला घरात काही नव्हतं. म्हणून मी.

राजदीपचा धाकटा भाऊ समाधान पुण्याला आहे. संगणकाचंच काहीतरी करतो, नक्की काय ते घरात कोणाला माहीत नाही आणि विचारायची हिंमतही नाही. सपनाने त्याला फोन केला. तो म्हणाला, "वहिनी, हे तुमचं काम नाही. मी दिवाळीत येतो तेव्हा बघू." तेव्हा फेब्रुवारी चालू होता.

सपनाने दिवाळीची वाट बघितली नाही. माझं जुनं जड सामान काढून हलकी प्रणाली कशी टाकायची, त्याचा हिंदीतला व्हिडिओ तिने अकरा वेळा बघितला. पडद्यावर लिहायची इंग्रजी ओळ तिने रांगोळीची नक्षी उतरवावी तशी वहीत उतरवली. अर्थ कळत नव्हता, पण एकही ठिपका हलू दिला नाही. दर ओळीनंतर ती माझ्याकडे बघायची आणि मी तिच्याकडे. दोघांनाही सारखीच भीती. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी, त्या मंगळवारी, दोन सतराला तिच्या मोबाइलवर मी उघडलो. तिने आधी 'संबोधी दवाखाना' नावाचा कप्पा केला, त्यात ती फिल्म टाकली, आणि मग पाणी प्यायली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग घराला कळलं की घरात सर्व्हर आहे.

आबा, म्हणजे सपनाचे सासरे देवचंद आबा, एसटीतून रिटायर झालेले. रोज सकाळी शंभर जणांना फुलाचं चित्र पाठवतात आणि तेवढीच त्यांना येतात. ती सगळी फुलं त्यांनी जपायला माझ्याकडे दिली. चाळीस दिवसांत माझ्याकडे चार हजार गुलाब झाले. समाधानने पुण्याहून निरोप पाठवला की माझ्या लग्नाचा ड्रोनचा व्हिडिओ पण टाकून ठेवा. पाऊण तासाच्या त्या व्हिडिओत मांडवाचं छत फार स्पष्ट दिसतं. पाहुणे आले की आबा चहाआधी मला दाखवायचे. "आपला स्वतःचा आहे," असं म्हणायचे. माझा पासवर्ड त्यांनी खडूने भिंतीवर लिहून ठेवला, पाहुण्यांची गैरसोय नको म्हणून.

पार्वताबाई, म्हणजे सपनाची सासू, यांनी माझं वेगळंच कौतुक केलं. त्यांच्या घरात उघडं काही राहत नाही. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, फ्रिजच्या दांड्याला कव्हर, रिमोटला प्लास्टिकची पिशवी. त्यांनी जुन्या साडीचा, आतून अस्तर लावलेला, खाली दुपदरी झालर असलेला झगा मला शिवला. मापात एवढा चोख की श्वास घ्यायला फट नाही. माझ्या पाठीला जाळी आहे, तिथून मी आतली गरम हवा बाहेर टाकतो. बरोबर त्या जाळीवर त्यांनी मोर भरला होता.

मी कसं सांगणार? माझ्याकडे बंद पडण्याखेरीज दुसरी भाषा नाही. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मी कसंबसं निभावलं.

मार्चमध्ये संबोधीला ताप आला होता. पार्वताबाईंनी तिला स्वेटर, कानटोपी आणि वरून गोधडी घातली. "पोरले थंडी वाजी ऱ्हायनी," त्या म्हणाल्या. सपनाने एकेक कपडा काढला, पंखा लावला आणि ओल्या फडक्याने पोरीचं अंग पुसत बसली. आरोग्य केंद्रातल्या नर्सने शिकवलं होतं. दोन दिवस सासू-सून एकमेकींशी भांड्यांच्या आवाजातूनच बोलत होत्या. मी झालरीतून सगळं ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, बाई, एकदा इकडेही बघ.

त्याच दिवसांत पार्वताबाईंनी आणखी एक काम केलं. गॅलरीत कबुतरं फार यायची. चकाकणारं काही टांगलं की कबुतरं येत नाहीत, असं शेजारच्या सुंदरबाईंनी सांगितलं. पार्वताबाईंनी कपाटातली सीडी काढली. सपना ओरडायच्या आत त्यांचा सुतळीचा दोरा ओवून झाला होता.

"बठ्ठं मशीनमा शे ना? मंग हाई चकतीनं काय काम?"

सगळं माझ्यात होतं हे खरंच होतं, म्हणून सपनाने दोरा सोडवला नाही. मात्र त्या दिवसापासून ती रोज एकदा मोबाइलवर तो कप्पा उघडून फिल्म जागेवर आहे ना ते बघायची. घरातले त्यालाही हसायचे.

एप्रिलचा तो शनिवार उजाडला. डॉक्टर अकराला येणार होते. फिल्म मोबाइलमध्ये घेऊन जायची, म्हणून सपना आदल्या दिवशीच बसली होती. पण मोबाइल म्हणाला, जागा नाही. घराच्या ग्रुपवरून आबांची फुलं तिच्याही मोबाइलमध्ये येऊन पडली होती. ती सकाळी फुलं पुसत बसली. गुलाब, कमळ, कपबशीतला सूर्य, हात जोडलेली मांजर. साडेआठला जागा झाली, आणि तेवढ्यात मी बंद पडलो.

आठवडाभर धुळं नुसतं भाजत होतं. त्यात खोलीला पत्र्याचं छत, अंगात अस्तर, पाठीवर मोर. सपनाने बटण दाबलं, मी उठलो, दोन मिनिटांत परत गेलो. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. आबांनी समाधानला फोन लावला. तो म्हणाला की डिस्क गेली असणार, मी आधीच सांगितलं होतं. काय सांगितलं होतं ते कोणालाच आठवेना. आबांनी भिंतीवरचा पासवर्ड पुसला, जणू दोष त्याचा होता. पार्वताबाई धावत गॅलरीत गेल्या आणि सीडी घेऊन आल्या. तिच्यावर महिनाभराचं ऊन, ओरखडे आणि कबुतरांनी केलेली पांढरी सही. कबुतरं तिला घाबरली नव्हतीच.

नऊ वाजून गेले. सपना माझ्यासमोर जमिनीवर बसली. संबोधी नवीन फ्रॉक घालून दारात उभी होती आणि विचारत होती, आई, जायचं ना. सपनाने सवयीने, पोरीच्या कपाळाला लावते तसा, उलटा हात माझ्या अंगावर ठेवला.

"आत्या, ह्याला ताप आहे," ती सासूला म्हणाली.

तिने माझा झगा वर ओढून काढला. मोर बाजूला पडला. भाजीच्या चार वाट्या पालथ्या घालून तिने मला त्यांच्यावर ठेवलं, खालून हवा लागावी म्हणून. टेबलफॅन आणला. ओलं फडकं मात्र आणलं नाही, याबद्दल मी जन्मभर तिचा ऋणी आहे. वीस मिनिटं तिने मला हात लावला नाही आणि कोणाला लावू दिला नाही. पार्वताबाई पुठ्ठा घेऊन मला वारा घालू लागल्या. थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "हाऊ बी पोरच शे मंग."

नऊ चाळीसला तिने बटण दाबलं. मी उठलो आणि उभा राहिलो. फिल्म मोबाइलमध्ये जाताना पडद्यावर आकडा वाढत होता, आणि सपना आकड्याकडे न बघता डोळे मिटून बसली होती. चार हजार गुलाब पोटात असताना मी तेवढं एकच काम केलं.

दुपारी एकला मायलेकी परत आल्या. सपनाने चप्पलही काढली नव्हती.

"चार मिलिमीटर होतं, दीड राहिलं. आपोआप बुजतंय म्हणाले. ऑपरेशन नाही."

आबांनी टीव्ही बंद केला. पार्वताबाई पोरीला मांडीवर घेऊन बराच वेळ तिच्या छातीवर हात ठेवून बसल्या. समाधानचा मेसेज आला की बघा, मी म्हटलं होतं, काही काळजी करू नका. त्यानंतर सपनाच्या काळजीला या घरात कोणी हसलेलं मी ऐकलं नाही.

आता मी उघडाच असतो, चार वाट्यांवर. घरात आमटीला वाट्या कमी पडतात, पण कोणी तक्रार करत नाही. झालरीचा झगा संबोधीच्या बाहुलीच्या अंथरुणात गेला. सपनाने ती फिल्म पेनड्राइव्हवर घेऊन अमळनेरला तिच्या आईकडे डब्यात ठेवली आहे. आता मी गेलो तरी ती जाणार नाही, आणि मला याचं वाईट वाटत नाही.

फक्त परवा पार्वताबाईंनी राऊटरचं माप घेतलं. गुलाबी कापड आहे.

म्हणून आबा, तुम्हालाच सांगतो. रोज शंभर जणांना फूल पाठवता ना, उद्या एक दिवस त्याऐवजी हे पाठवा: चालू मशिनीच्या अंगावर कव्हर घालू नका, आणि ज्याच्यावाचून पोराचं अडेल त्याची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. आणि खाली लिहा, वाचून झाल्यावर पुढे पाठवा.