वकीलीणबाईंचा चढ

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. पण रस्ता कसा असतो ते मला आजतागायत ठाऊक नाही. माझं पुढचं चाक जड लोखंडी आहे आणि मागचं चाक मुळात नाहीच. कितीही पेडल मारा, मी जागची हलत नाही. अशा वस्तूला सायकल का म्हणतात, हा माझ्या आयुष्यातला पहिला गोंधळ. त्यानंतर गोंधळाला काही तोटा राहिला नाही.

कारखान्यात कामगाराने माझा शेवटचा बोल्ट आवळला आणि सीटवर थाप मारून तो म्हणाला, "जा, खूप फिर." मी ते खरं मानलं. तिथून मी एका व्यायामशाळेत गेले. तिथे माणसं घामाघूम होईपर्यंत मला तुडवायची आणि समोरच्या आरशात स्वतःला न्याहाळायची. जो सगळ्यांत जोरात पेडल मारेल, त्याची वाहवा. पुढे एका गृहस्थाने मला घरी नेलं. सुरुवातीला त्याने माझं फार कौतुक केलं. मग माझ्यावर ओले टॉवेल वाळू लागले. मी सायकल आहे की कपड्यांची दांडी, तेही मला कळेनासं झालं. शेवटी घरातल्या बाईंनी वैतागून मला एका रुग्णालयाला देऊन टाकलं.

तिथे मुलांच्या विभागात, जिन्यालगतच्या व्यायामाच्या खोलीत माझी सोय झाली. इथली मुलं कॅन्सरच्या उपचारांतून नुकतीच बाहेर पडत होती. कोणाच्या डोक्यावर केसांची लव फुटत होती, कोणाची पावलं चालताना फरशीला घासत होती. औषधांनी आजाराला हटवलं होतं, पण त्या लढाईत पायांतलं बळही गेलं होतं. ते परत आणायचं काम खोलीतल्या फिजिओथेरपिस्ट बाईंचं. मुलं त्यांना व्यायामताई म्हणत.

ताईंची रीत माझ्या डोक्यावरून गेली. व्यायामशाळेत पेडल मारताना कोणी चकार शब्द काढत नसे. ताई मात्र मुलांना बोलतं ठेवत. "पेडल मारता मारता मला गोष्ट सांगता आली पाहिजे," त्या म्हणत. "गाणं म्हणता आलं, तर फारच सोपं चाललंय. आणि बोलताच येईना, तर थांबायचं." जो वेळेवर थांबेल, त्यालाही शाबासकी मिळे. थांबल्याबद्दल शाबासकी! मी चक्रावून गेले.

माझ्या दांडीखाली एक गोल नॉब आहे. तो उजवीकडे पिळला की चढ लागल्यासारखं पेडल जड होतं, डावीकडे पिळला की हलकं. त्यावरचे आकडे पुसून गेलेत. त्यामुळे तो कुठवर पिळलाय ते बघून कळत नाही, पायांनाच कळतं.

या खोलीत एके दिवशी वकीलीणबाई आल्या. वय नऊ, अंगकाठी किरकोळ, पण जीभ भलतीच चालू. प्रत्येक गोष्टीवर वाद घालायची, म्हणून ताईंनीच तिला हे नाव ठेवलं.

"ही सायकल हलतच नाही, मग मी पुढे कशी जाणार?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं. मला तिचं म्हणणं अगदी पटलं.

"तुझे पाय जातील पुढे," ताई म्हणाल्या. "कुठे जायचंय तुला?"

"वर. माझा वर्ग वरच्या मजल्यावर आहे. शाळा उघडेपर्यंत जिना चढता आला नाही, तर मला खाली बालवर्गात बसवणार आहेत. ती पोरं एकमेकांच्या बाहीला नाक पुसतात!"

"आईने उचलून वर नेलं तर?"

"छे! सगळे बघतील."

ताईंनी हसून नॉब थोडा उजवीकडे पिळला आणि त्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला एका मुलाला चेंडू टाकायला गेल्या. वकीलीणबाईंना धाप लागू लागली. शेजारच्या स्टुलावर तिची आई बसली होती. आईने ताईंकडे एक नजर टाकली, हळूच हात पुढे केला आणि नॉब पार डावीकडे फिरवला. पेडल एकदम हलकं झालं आणि वकीलीणबाई गाणं म्हणू लागल्या.

मी बुचकळ्यात पडले. ताई चढ द्यायच्या आणि आई तो काढून घ्यायची. रोज हेच चाले. दोघींनाही पोर बरी व्हायला हवी होती, मग बरोबर कोणाचं? आई एकदा फोनवर तिच्या बहिणीला सांगत होती, "अगं, उपचार चालू असताना ही बाथरूमच्या दारात धापा टाकत कोसळली होती. अजून तिला दम लागला की मला तेच दार दिसतं." ते ऐकून मला आईचीही कीव आली. माझा गोंधळ आणखी वाढला.

ताईंचा गोंधळ त्याहून मोठा होता. कोपऱ्यात सरावासाठी लाकडी पायऱ्या आहेत. माझ्यावर आरामात गाणारी मुलगी त्या पायऱ्यांवर मध्येच मटकन बसायची. ताईंनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरही विचारात पडले. "रक्त पुन्हा तपासू," ते म्हणाले. "जिन्याचं तूर्तास राहू द्या. खालच्या वर्गाचं बघा."

प्रत्येक गोष्टीवर भांडणाऱ्या वकीलीणबाई त्या दिवशी वाद न घालता चपला शोधू लागल्या.

"मी म्हणतच होते, तिला झेपत नाही," आई डोळे पुसत म्हणाली. मित्रांनो, त्या क्षणी मला ओरडावंसं वाटलं! पण मला कुरकुरण्यापलीकडे आवाज नाही, आणि जुन्या सायकलीची कुरकुर कोण मनावर घेतो?

रक्ताचा अहवाल अगदी चांगला आला. आता तर ताई आणि डॉक्टर दोघांनाही काही समजेना.

मग आईला सर्दी झाली. सर्दी असलेल्या माणसाला या विभागात येऊ देत नाहीत. म्हणून मुलीचे बाबा आले. ते शिंपी; कामाने थकलेले. स्टुलावर बसले आणि बसल्या बसल्या पेंगू लागले. ताई नॉब पिळून गेल्या आणि नॉब तिथेच राहिला.

परत आल्यावर ताई म्हणाल्या, "आज गाणं का बंद?"

"आज... आई... नाही ना."

ताईंनी नॉबकडे पाहिलं, आई रोज बसायची त्या स्टुलाकडे पाहिलं आणि त्यांना सगळा उलगडा झाला.

"बोलता येतंय?" त्यांनी विचारलं.

"येतंय. पण... भांडता... येत नाहीये."

"मग अगदी बरोबर चाललंय!"

आई बरी होऊन आली, तेव्हा ताईंनी तिला सरळ माझ्यावर बसवलं. आता बोलणी बसणार म्हणून मी धास्तावले. ताईंनी फक्त नॉब उजवीकडे पिळला. आईच्या कपाळावर घाम आला, श्वास फुलला.

"काही होतंय?" ताईंनी विचारलं.

"नाही... दम लागलाय... नुसता. पण ती... अशाच धापा टाकत... कोसळली होती."

"तिलाही तेवढंच होतं. ते कोसळणं वेगळं आणि हे वेगळं. तिच्यावर माझं लक्ष असतं."

आईने मान खाली घातली. तेवढ्यात वकीलीणबाई म्हणाल्या, "मला माहीत होतं. नॉब फिरवला की पायांना लगेच कळतं."

"मग सांगितलं का नाहीस गं?"

"तू घाबरायचीस. मी गायले की तुला हसू यायचं."

मग आई उतरली आणि लेक बसली. पेडल जड होताच सवयीने आईचा हात पुढे आला. वकीलीणबाईंनी तो धरला आणि आपल्या खांद्यावर ठेवला. "इथे राहू दे," ती म्हणाली. हात तिथेच राहिला.

मित्रांनो, मला अजूनही पुष्कळ गोष्टी कळत नाहीत. न हलणारी सायकल कोणाला वर कशी पोचवते, हे तर मुळीच कळत नाही. तुमच्या ओळखीचं कोणी मोठ्या आजारातून उठत असेल, तर त्याच्या शेजारी बसा, त्याला पाणी द्या, तो थांबला तर त्याला शाबासकी द्या; पण त्याचा चढ मात्र काढून घेऊ नका. आणि माझ्यासारखी एखादी सायकल तुमच्या घरात टॉवेल वाळवत उभी असेल, तर तिला थोडं तेल घाला आणि जिथे तिची गरज आहे तिथे पोचवा.

शाळा उघडल्यानंतरची गोष्ट सांगून थांबते. एका सकाळी लिफ्टऐवजी बाहेरच्या जिन्यात पावलं वाजली. मध्ये थांबत, पुन्हा वाजत. दारात वकीलीणबाई उभ्या राहिल्या. अंगात शाळेचा गणवेश, चेहरा लालबुंद. मागे एक पायरी खाली आई होती. तिचे दोन्ही हात पुढे होते, पण लेकीला कुठेही टेकलेले नव्हते.

"शाबास! आधी बस," ताई म्हणाल्या. "मग, आता कुठल्या वर्गात बसतेस?"

वकीलीणबाईंनी तोंड उघडलं, पण दमामुळे शब्द फुटेना. मग तिने नुसतं बोट वर केलं.