नवरदेवाचं पॅकेज

धुळ्यातल्या चारुलता मॅडमच्या ब्युटी पार्लर वर्गात यंदा नवा अभ्यासक्रम आला. जुन्यात आयब्रो, फेशियल आणि अंबाड्याचे प्रकार होते. नव्यात नवरदेवाचा मेकअपही होता.

मुली ओढणीआड हसल्या.

"हसू नका," मॅडम म्हणाल्या. "मागच्या लग्नसराईत नवरीच्या आधी नवरदेवाचा फोन आला. म्हणे, माझं पॅकेज काय? मला सांगता आलं नाही. गिऱ्हाईक गेलं नाशिकला. परीक्षेला प्रत्येकीने एक पुरुष घेऊन यायचा."

दिपमाला शिंदखेड्याजवळच्या गावाहून रोज वर्गाला यायची. तिने घरी हे सांगितलं आणि सासरे झुलाल आबांचा घास हातातच राहिला.

"परका माणूसना तोंडले हात लावशी? आपला घरमा हाई चालस नही. वर्ग बंद!"

नवऱ्याला, नीलेशला, विचारलं, तर तो म्हणाला, "मित्र मला वर्षभर नवरी म्हणतील."

दिपमाला रात्रभर रडली असती, पण तिला त्याआधीच एक युक्ती सुचली. आबा आणि तिचे वडील गिरधर नाना यांच्यात लग्नापासून चुरस होती. फेटा कुणाचा ऐटदार, मिशी कुणाची काळी, इथपर्यंत. तिने पाचोऱ्याला फोन लावला. "नाना, परीक्षेला आबा बसणार आहेत. मॅडम म्हणतात, दहा वर्षांनी लहान दिसतील."

नाना पलीकडून म्हणाले, "मी काय मेलोय का?"

दुसऱ्या दिवशी तिने आबांना चहा देताना सांगितलं, "परका माणूस नकोच आबा. माझे नाना बसताहेत." आता ते खरंच होतं.

आबांनी बशी खाली ठेवली. व्याह्यांचं नाव ऐकताच मिशीवरून हात फिरवला.

"याही बसस तं मीबी बससू!"

परीक्षेच्या दिवशी आबा घरी मोटर दुरुस्तीचं कारण सांगून निघाले, नाना बियाण्याचं. वर्गाच्या दारातच दोघांची गाठ पडली.

"तुम्ही तर आधीच तयार झाला होतात ना?" नानांनी विचारलं.

"मी? तुम्हीच आधी हां म्हणनात!"

दोघांनी एकदम दिपमालाकडे पाहिलं. ती पदर सावरून मॅडमच्या मागे गेली.

दोघेही उलट्या पावली निघणार होते, पण मॅडमनी खुर्च्या पुढे केल्या. सुनेने सासऱ्याच्या तोंडाला कसा हात लावायचा, म्हणून आबांना दिपमालाच्या मैत्रिणीने, मोहिनीने, घेतलं. मोहिनीला तोवर कुणी मिळालंच नव्हतं. दिपमालाने नानांच्या गळ्याला कापड बांधलं. चेहऱ्यावर पांढरा पॅक चढला.

"वाळेपर्यंत बोलायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "भेगा पडतात."

दोन व्याही आरशासमोर दगडासारखे बसले. आबांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून नानांकडे पाहिलं. नानांनी आबांकडे. आबांचा ओठ हलला.

"याही, तुम्ही तं भूत दिसी राह्यनात!"

नाना खदखदून हसले. मग आबाही. दोन्ही पॅक तडातडा फुटले आणि पांढरी खपली मॅडमच्या साडीवर पडली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई रागावायच्या, तर त्याही तोंडावर रुमाल धरून बसल्या. पॅक पुन्हा लावावे लागले. पण शेवटी चेहरे असे उजळले, मिशा अशा कोरल्या गेल्या, की दोघीही पास झाल्या.

नानांना पाचोऱ्याच्या गाडीत बसवून सासरा-सून शिंदखेड्याच्या एसटीत चढले. आबा खिडकीच्या काचेत स्वतःला पाहत होते. कंडक्टर आला.

"ज्येष्ठ नागरिक ना, आबा? आधार कार्ड दाखवा, अर्धं तिकीट."

आबांची मान ताठ झाली. "ज्येष्ठ कोण शे? फुल तिकीट दे!"

दिपमालाने खिडकीकडे तोंड फिरवून हसू दाबलं. गाव जवळ आलं. आबा समोर पाहतच म्हणाले, "नीलेशले सांग, रस्तावरनी खोली खाली कर. तुनं पार्लर तठे टाक."